गावच्या मैदानासाठी सरकारी अनुदान: सातबाऱ्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

खान्देशातल्या कोणत्याही गावात मैदानासाठी निधी मागायचं ठरलं की पहिली फेरी पुढाऱ्याच्या घरी होते. शिफारसपत्र मिळतं, फोटो निघतो, आणि प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन अडतो तो जागेच्या कागदावर. शिफारसपत्रामुळे फार तर यादीतला क्रमांक वर सरकेल. जागा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून क्रम उलटा धरा: आधी जागा, मग कोणता खेळ, मग अंदाजपत्रक, आणि योजना व पुढारी सगळ्यात शेवटी.

पैसा कोणकोणत्या खिशातून येतो

गावपातळीवर उपयोगी पडणाऱ्या मुख्य योजना दोन: क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान. दोन्ही राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या. अर्ज द्यायचा जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. त्यांच्या वर नाशिकचे विभागीय उपसंचालक आणि पुण्याचं संचालनालय. पैसा मात्र जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. म्हणजे पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेल्या जिल्हा नियोजन समितीने त्या वर्षी क्रीडा विभागाला किती रक्कम ठेवली, यावर सगळं अवलंबून. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे निधीच नसेल तर तुमचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी तो पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातो.

जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री-शिरपूरच्या पश्चिम आणि उत्तर पट्ट्यात, चोपडा-यावल-रावेरच्या सातपुडा बाजूला तिसरा भाग महत्त्वाचा. अर्जाच्या पहिल्या पानावरच कोणत्या उपयोजनेतून निधी मागताय ते लिहा आणि लोकसंख्येचा दाखला जोडा. हे न लिहिलेला अर्ज आपोआप सर्वसाधारण गठ्ठ्यात जातो, आणि तिथे गर्दी सगळ्यात जास्त.

दोन्ही योजनांची कमाल मर्यादा बरीच वर्षं जिल्ह्यांच्या जाहिरातींत ७ लाख रुपये अशी छापून येत असे. अशा मर्यादा आणि निकष शासन निर्णयाने बदलतात. त्यामुळे चालू वर्षाचा विहित नमुना आणि त्याला लागू असलेला शासन निर्णय कार्यालयातूनच घ्या. मित्राच्या मोबाइलवरची जुनी पीडीएफ वापरू नका. जुन्या नमुन्यात भरलेला अर्ज पुन्हा लिहायला लावतात.

क्रीडांगण योजनेत जमीन सपाट करणं, २०० किंवा ४०० मीटरचा धावनमार्ग, कुंपण, खेळांची मैदानं आखणं, कपडे बदलायची खोली व प्रसाधनगृह, पिण्याच्या पाण्याची सोय, भांडारगृह, प्रेक्षकांसाठी बैठक, दिवे, रोलर, पाणी मारण्याची यंत्रणा आणि क्रीडा साहित्य अशा बाबी येतात. सगळ्या एकदम मागायचा मोह टाळा. ठरलेल्या रकमेत अकरा कामं बसवली की एकही नीट होत नाही. कुंपण अर्धं, रोलर नाही, भांडारगृहाला दार नाही, असली मैदानं तिन्ही जिल्ह्यांत हवी तेवढी सापडतील.

याशिवाय ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित (म्हणजे ठराविक कामांनाच बांधलेला नसलेला) हिस्सा असतो, पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी घेतलेलं असेल तरच. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी मिळतो. त्याचा खर्च ग्रामसभा ठरवते. खासदार आणि आमदार निधीत लोकप्रतिनिधी फक्त काम सुचवतात, मंजुरी जिल्हा यंत्रणा देते. तेव्हा पत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा अभियानात खेळ साहित्याचं वार्षिक अनुदान ठरलेलं आहे: प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,००० पर्यंत. चेंडू, दोऱ्या, शिट्ट्या, रिंग इतकं त्यात निघतं. त्यासाठी मोठ्या प्रस्तावात जागा अडवू नका. खेलो इंडियाच्या पायाभूत सुविधा तालुका-जिल्हा संकुलाच्या आकाराच्या असतात आणि राज्यामार्फत जातात. गावाने त्याच्यामागे वेळ घालवू नये.

एका मैदानाला दोन निधी वापरता येतात. एकाच कामाला दोन निधी वापरता येत नाहीत. सपाटीकरण क्रीडांगण योजनेतून आणि कुंपण ग्रामपंचायतीच्या निधीतून घेतलं तर चालेल, पण दोन्ही अंदाजपत्रकांत बाबी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. लेखापरीक्षणात दुबार खर्चाचा आक्षेप निघाला तर वसुली सरपंच आणि ग्रामसेवकावर येते.

जागा: इथेच निम्मे प्रस्ताव मरतात

ग्रामपंचायतीच्या नावाचा सातबारा असेल तर काम सोपं. ताजा उतारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. बोजा, न्यायालयीन दावा, वहिवाटीची नोंद, पाटबंधारे किंवा महामार्गाचं संपादन, यातलं काही असेल तर आधी तलाठ्याकडून स्पष्टीकरण घ्या. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, किंवा स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. मिळकत पत्रिका असेल तर तीच द्या, ती जास्त भक्कम.

गायरान हा सगळ्यात मोठा खड्डा. ‘गायरान म्हणजे गावचंच’ असं धरून लोक ठराव करतात. गायरान सरकारी मालकीचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने अशा जमिनींचा इतर वापर फार आवळला. जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाशिवाय त्यावर कुंपणाचा एक खांबही रोवू नका. तहसीलमार्फत मागणी प्रस्ताव गेला तरी तो वर्षभर फिरू शकतो. दुसरी जागा असेल तर ती निवडा.

शाळेचं पटांगण बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या नावावर असतं. तिथे ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर जिल्हा परिषदेचं नाहरकत आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. शाळेच्या वेळेनंतर गावाला मैदान खुलं राहील हे त्या ठरावातच लिहून घ्या. नाहीतर पुढच्या मुख्याध्यापकांनी फाटकाला कुलूप लावलं की भांडायला कागद उरत नाही.

सातपुड्यात, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, जागा वनजमीन निघते. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन सार्वजनिक कामाला वळवता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या कलमातल्या १३ सुविधांच्या यादीत शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, समाजगृह आहे. खेळाचं मैदान नाही. या कलमाच्या भरवशावर प्रस्ताव केला तर वन विभागाच्या टेबलावरून तो परत येणार. प्रकल्पांमुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावांत वेगळी अडचण: मांडणी नकाशात सार्वजनिक जागा आखलेली दिसते, पण ती पुनर्वसन यंत्रणेकडून ग्रामपंचायतीकडे कागदोपत्री सोपवलेलीच नसते. आधी हस्तांतरणाचं पत्र शोधा.

क्रीडा मंडळ किंवा शिक्षण संस्था अर्ज करत असेल तर जागा स्वतःच्या नावावर हवी किंवा नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हवा. नोटरी केलेला करार देऊन लोक फसतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. न नोंदवलेला करार तपासणीत कागदाचा तुकडा ठरतो.

जागा ठरली की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. शेजारच्या बांधावरून वाद होणारच आहे; कुंपणाचा ठेकेदार उभा असताना होण्यापेक्षा तो आधी मिटलेला बरा.

किती जागेत काय बसतं

पुरुषांचं कबड्डी मैदान १३ × १० मीटर, महिलांचं १२ × ८. खो-खो २७ × १६. व्हॉलीबॉल १८ × ९, चारही बाजूंना ३ मीटर मोकळी जागा धरली तर २४ × १५. जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. कबड्डी आणि खो-खोलाही भोवती ३ मीटर सोडा. तिन्ही शेजारी शेजारी बसवायला ४५ × ४० मीटर पुरतात, म्हणजे साधारण १८ गुंठे. खो-खोचे खांब जमिनीत पक्के न गाडता पाइपच्या खोबणीत बसवले तर तीच जागा इतर वेळी लहान मुलांना वापरता येते.

लांब उडीसाठी धावपट्टी निदान ४० मीटर लांब, १.२२ मीटर रुंद. वाळूचा खड्डा २.७५ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब घेतला, ३० सेंटिमीटर वाळू भरली, तर सव्वादोन ते अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू लागते. ती वाळू गिरणेची असो की तापीची, परवान्याची पावती ठेवा.

धावनमार्गाचं गणित लोक सगळ्यात जास्त चुकवतात. आठ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक १७७ × ९३ मीटर जागा खातो, चार एकरांपेक्षा थोडी जास्तच. गावाकडे दीड एकर असताना ४०० मीटरचा ट्रॅक मागितलेले प्रस्ताव दरवर्षी दिसतात. शाखा अभियंता जागेवर आला की ते तिथेच संपतात. चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक मात्र ९२ × ४२ मीटरमध्ये, म्हणजे एका एकरात बसतो. पहाटे राज्य महामार्गाच्या कडेला भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी प्रत्येक तालुक्यात आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. २०० मीटरच्या ट्रॅकवर त्या नेमक्या आठ आणि चार फेऱ्या होतात. सोबत ७.२६ आणि ४ किलोचे दोन-दोन गोळे आणि १०० मीटरची सरळ आखणी ठेवली तर त्या मैदानावर वर्षभर माणूस दिसेल. सरळ १०० मीटर ९२ मीटरच्या जागेत बसत नाहीत, त्यासाठी एका बाजूला निदान १२० मीटर लांबी लागेल, हे जागा निवडतानाच पाहा.

खुल्या व्यायामशाळेबद्दल एक मत स्पष्ट मांडायला हवं. गावागावांत तिचीच मागणी पहिली येते, कारण ती फोटोत चांगली दिसते आणि पंधरा दिवसांत उभी राहते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी दहानंतर त्या लोखंडाला हात लावता येत नाही. बसवायचीच असेल तर जुन्या निंबाखाली किंवा इमारतीच्या पूर्वेकडे बसवा, म्हणजे संध्याकाळी सावली मिळते. आणि बेअरिंगला वंगण घालणारा माणूस ठरवा. तो नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर निम्मी उपकरणं करकरतात आणि मग कोणी वापरत नाही. त्याच पैशात कबड्डीचं मैदान, दिवे आणि भांडारगृह झालं तर जास्त पोरं खेळतील.

काळी माती

तापी, गिरणा, पांझरा, बोरीच्या काठची काळी कापसाची जमीन कापूस आणि केळीला उत्तम, मैदानाला वाईट. पावसात फुगते, उन्हात हाताएवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसता मुरूम ओतून रोलर फिरवला तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग वर येते आणि खेळाडूचा घोटा त्यात जातो. पद्धत अशी ठेवा:

वरची १५ ते २० सेंटिमीटर माती, मुळं आणि गवतासह खरवडून काढा. खालचा थर ओलावून रोलरने दाबा. त्यावर कठीण मुरूम १५ सेंटिमीटर, पण एकाच थरात नाही. साडेसात-साडेसातचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून ८ ते १० टनी रोलर. सगळा मुरूम एकदम टाकला की वरचा भाग दबतो, खालचा पोकळ राहतो. सगळ्यात वर ५ सेंटिमीटर चाळलेला बारीक मुरूम किंवा लाल माती.

४५ × ४० मीटर म्हणजे १,८०० चौरस मीटर. १५ सेंटिमीटर दाबलेल्या थराला २७० घनमीटर मुरूम लागतो; सैल मुरूम तीस टक्के जादा धरला तर ३५० घनमीटर, म्हणजे जवळपास १२५ ब्रास. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रास. ठेकेदाराने ८० ट्रॉल्यांत काम उरकलं असेल तर थर ९-१० सेंटिमीटरचाच आहे, हे मोजपट्टीशिवायही कळतं. तरी मोजणीच्या दिवशी चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे खणून थर मोजायला सांगा; अभियंता नाही म्हणत नाही. मुरमासाठी तहसीलची गौण खनिज परवानगी आणि स्वामित्वधनाच्या पावत्या लागतात. पावत्या नसतील तर तेवढी रक्कम बिलातून कापली जाते, आणि ठेकेदार ती दुसरीकडे कामात मारून भरून काढतो.

उतार शंभरास एक. मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतार दिला तर ४० मीटर रुंदीत मध्यभाग कडेपेक्षा २० सेंटिमीटर उंच येतो. खेळताना तो जाणवत नाही. कडेची चारी आणि ती कुठे सोडायची हे नकाशात दाखवा. चारीचं पाणी शेजारच्या शेतात गेलं की पहिल्याच पावसात तक्रार अर्ज तयार.

कुंपणाचे खांब अडीच मीटरवर धरले तर १७० मीटर परिघाला ६८ खांब. काळ्या मातीत ४५ सेंटिमीटरचा खड्डा पुरत नाही, खांब दोन वर्षांत कलतात. ७५ सेंटिमीटर खोल जा, मुरूम लागला तर उत्तम. फाटक निदान ४ मीटर रुंद ठेवा. तीन फुटी छोटं फाटक लावून कुंपण आधी पूर्ण केलेली आणि मग रोलर आत नेता येईना म्हणून जाळी कापलेली मैदानं पाहायला मिळतात.

सपाटीकरणाला योग्य काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर काळी जमीन दिवाळीपर्यंत ओली असते, यंत्र रुततं. आणि मार्चनंतर विहिरी खाली जातात. पाणी न मारता दाबलेला मुरूम म्हणजे नुसती धूळ. अडचण अशी की निधी मार्चअखेर खर्च झाला पाहिजे. म्हणून प्रस्ताव पावसाळ्यातच कार्यालयात पोचलेला असावा.

साहित्याची यादी

‘क्रीडा साहित्य – एक संच’ असं लिहू नका. नग, माप, दर्जा लिहा. व्हॉलीबॉल ६, जाळ्या २, कबड्डीसाठी मॅट १ × १ मीटरच्या तुकड्यांत. फक्त मैदानापुरत्या १३० लागतात. पण काठावर पडणाऱ्या खेळाडूला माती नको असेल तर १५ × १२ मीटर झाकायला १८० मागा. मॅट उघड्यावर कायमची अंथरायची नसते. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ती आकसते, कोपरे वर येतात, आणि उंदीर तिचा भुगा करतात. मॅट मागितली तर त्याच प्रस्तावात हवा खेळती राहील असं भांडारगृह आणि लाकडी फळ्यांचा ओटाही मागा. भांडारगृह नसेल तर मॅट नकोच. चांगली मातीची मैदानं खान्देशातल्या कबड्डीला पुरेशी आहेत. कुस्तीची मॅट १२ × १२ मीटर, तिला छप्पर लागतंच. मोकळ्या जागेत आखाड्याची माती बरी.

व्यायामशाळेत विजेवर चालणारा ट्रेडमिल टाळा. व्होल्टेज खालीवर झालं की त्याचा बोर्ड जातो आणि दुरुस्तीचा माणूस नाशिकहून बोलवावा लागतो. २० किलोचे बार, वजनांच्या प्लेट, बेंच, पुल-अप बार, दंडबैठकांसाठी मोकळी जागा आणि जमिनीवर रबरी मॅट. मुलींसाठी १५ किलोचा बार आणि वेगळी वेळ.

दिव्यांचा हिशेब करून ठेवा. चार खांबांवर प्रत्येकी २०० वॅटचे दोन एलईडी म्हणजे १.६ किलोवॅट. रोज दोन तास लावले तर महिन्याला ९६ युनिट. हे बिल कोण भरणार हे ठरावात नसेल तर वीजजोडणी कापली जाते आणि खांब केबल टीव्हीवाल्याच्या कामी येतात.

अंदाजपत्रक आणि मान्यता

अंदाजपत्रक चालू दरसूचीवर, जिल्हा परिषद बांधकाम उपविभाग किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून. खासगी अभियंत्याचं अंदाजपत्रक घेतलं तरी तांत्रिक मान्यता सरकारी अभियंत्याचीच लागते. त्यात मुरमाचं वाहतूक अंतर प्रत्यक्ष खाणीपासून धरलंय का पाहा. तापीकाठच्या सपाट गावांना मुरूम दूरून येतो आणि अंतर कमी धरलं तर कोणी निविदा भरत नाही. जीएसटी, १ टक्का कामगार कल्याण उपकर आणि साहित्य तपासणीचा खर्च धरलेला असावा. अंदाजपत्रक अनुदानापेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम कोण भरणार, याचा ठराव आणि खात्यातली शिल्लक दाखवा.

ग्रामसभेचा ठराव घेताना गणपूर्ती सांभाळा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत कमी असेल ते. कापूस वेचणीच्या दिवसांत इतकी माणसं जमत नाहीत, म्हणून १५ ऑगस्टची ग्रामसभा साधा. उन्हाळ्यात विषय निघाला असेल तर १ मे ची सभा उत्तम. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे बाहेरगावी असलेली मंडळीही घरी असतात. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, कामाचं नाव, देखभालीची जबाबदारी आणि जागा इतर कामाला वापरणार नाही हे वाक्य हवं. ‘मैदान विकसित करणेबाबत चर्चा झाली’ हा ठराव होत नाही. सूचक-अनुमोदकाची नावं आणि उपस्थितीचं पान जोडा.

फाइलमध्ये विहित अर्ज, ठराव, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मैदानाची आखणी, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, जागेचे फोटो, बँक खात्याचा तपशील आणि यापूर्वी याच कामाला अनुदान घेतलं नसल्याचं हमीपत्र. संस्थेसाठी याखेरीज धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा) ताजा उतारा, घटना आणि लेखापरीक्षण अहवाल. मंडळं अडकतात ती परिशिष्ट १ वर: अध्यक्ष दहा वर्षांपूर्वी वारले, पण बदल अर्ज दिलाच नाही, म्हणून नोंदीला अजून तेच. अर्जावर सही करणारा माणूस धर्मादाय नोंदीत विश्वस्त नसेल तर अर्ज चालत नाही. बदल अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात. मैदानाचा विचार आला त्याच दिवशी तो टाका.

पानांना क्रमांक घाला, तीन प्रती करा, आवक क्रमांकाचा शिक्का स्वतःच्या प्रतीवर घ्या. महिन्याने जाऊन त्रुटी पत्र निघालंय का विचारा. त्रुटी पत्र पोस्टात हरवतं आणि गाव वाट बघत राहतं.

मंजुरीनंतर

प्रशासकीय मान्यतेचा आदेश हातात येण्याआधी एक खिळाही विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल अनुदानात बसत नाही. आदेशातल्या अटी वाचा: काम कोणती यंत्रणा करणार, रक्कम हप्त्यांत की एकदम, मुदत किती. खरेदी आणि निविदेचे नियम यंत्रणेला लागू असलेलेच. मर्यादेखाली राहावं म्हणून कामाचे तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात तो पहिला आक्षेप. साहित्य जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर घेताना वर्णन तुमच्या यादीशी शब्दशः जुळवा. १ × १ मीटरच्या मॅटऐवजी योगासनाच्या चटया आल्याची उदाहरणं आहेत. स्वीकारण्यापूर्वी नग मोजा, वजनाच्या प्लेट काट्यावर घाला.

फोटो तीन टप्प्यांचे काढा: काम सुरू होण्याआधी, थर दिसत असताना, आणि शेवटी. तिन्ही एकाच कोनातून, अक्षांश-रेखांशासह. मुरमाचा थर झाकला गेल्यावर फोटो मागितला तर कोणी देऊ शकत नाही.

काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, काम पूर्णत्वाचा दाखला, खर्चाचं विवरण, आणि मग उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. रक्कम शिल्लक राहिली तर व्याजासह परत भरा. तिच्यातून परस्पर स्पर्धा भरवू नका. साहित्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत), प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक आणि योजनेचं नाव. मैदानाची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत. उपयोगिता प्रमाणपत्र थकलेलं असेल तर त्या गावाचा पुढचा प्रस्ताव, म्हणजे भांडारगृहाचा किंवा दिव्यांचा, आधीचं प्रमाणपत्र येईपर्यंत बाजूला ठेवतात.

देखभालीला दरवर्षी पावसाळ्यानंतर ५ ते ६ ब्रास बारीक मुरूम, एक दिवस रोलर आणि चारीतला गाळ काढायला दोन मजूर लागतात. ही रक्कम दरवर्षीच्या ग्रामपंचायत अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर टाकून घ्या.